मीठ आणि पीठ

ती. दादास,


‘आईला भ्रम झालाय, तिला इकडेच घेऊन येतो,’ असं तू फोनवर म्हणालास. थोडा थांब, दादा.

महिन्यापूर्वी मलाही तसंच वाटत होतं. दूध उतू जातंय म्हणून हाका मारतेय, आणि ही दोन हातांवर शांतपणे ज्वारी निवडत बसलेली. मीठ मागितलं तर पीठ घेऊन आली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली. आई म्हणाली, “अवस होऊन चार दिवस झाले.” अगदी बरोबर होतं, पण ‘वय झालं आता’ म्हणून त्यांनी बोळवण केली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं डोकं असं तारखेवरून जोखायचं? हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात संशोधकांनी निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवली, ती याचसाठी.

मग सोलापूरला कान तपासले. दोन्ही अधू, डावा जास्त. बीपी १८०. मीठ-पिठाचा उलगडा तिथं झाला, आणि मला रडू आलं. वर्षभर मी तिच्यावर चिडत होते रे.

त्यानंतर मिळेल ते वाचत सुटले. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. खेड्यांत जास्त, बायकांत जास्त. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं चौदा कारणं मांडली. ती आयुष्यभर आवरली, तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असं ते म्हणतात. यादीत आपलंच घर दिसलं: कमी ऐकू येणं, कमी दिसणं, बीपी, साखर, एकटेपण, शाळा न मिळणं. आईची शाळा चुकली ती चुकलीच. पण बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि आजवर ती आपण चुकवत आलो.

आता तिला न्यायचं म्हणतोस त्याबद्दल. संध्याकाळी शेजारच्या अक्का ओट्यावर येतात. दोघींचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे गप्पा कानडीत रंगतात आणि मी दिसले की मराठीवर येतात. डॉ. सुवर्णा अल्लाडींनी हैदराबादला स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, २०१३ साली तो छापून आला. दोन भाषा बोलणाऱ्यांत हा आजार साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतसुद्धा. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये, हे कळतं मला. पण तुझ्याकडे चौथ्या मजल्यावर तिच्याशी कानडीत कोण बोलणार? दिवसभर तुम्ही दोघंही कामावर.

उजव्या कानाला मशीन लावलंय. पहिल्या दिवशी फोडणी टाकताना दचकली, म्हणाली, “मोहरी एवढी तडतडते होय!” डाव्या कानाच्या मशीनचे पैसे तू दे. रोज संध्याकाळी फोन कर, सावकाश बोल, नातवंडांनाही बोलायला लाव. मोतीबिंदूचं दिवाळीनंतर बघू.

आणि येताना मशीनच्या बॅटऱ्या आण. इथं मिळत नाहीत, आणि संपल्या की ती कुणाला सांगत नाही.

तुझी,
ताई नव्हे, अजून छोटीच