पत्रिकेतील बारीक अक्षरे

संगीत महोत्सवाची पत्रिका हाती आली की बहुतेक रसिक प्रथम मोठ्या टाइपातील नावे शोधतात. कोणते बुवा कोणत्या दिवशी गाणार आणि त्या दिवसाचे तिकीट मिळेल की नाही, एवढे कळले की पत्रिकेची घडी होऊन ती खिशात जाते. मला मात्र पत्रिकेतील बारीक अक्षरे आधी वाचण्याची सवय आहे. पहिल्या तासाला कोणाला बसविले आहे, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे मी पाहतो. महोत्सवाची खरी परीक्षा त्या ठिकाणी होते, असे माझे नम्र मत आहे.

आळंद तालुक्यातील आमची खजुरी सीमेवरची. कचेरीची भाषा कन्नड, पुष्कळ घरांतली भाषा मराठी. त्यामुळे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाविषयी आम्हांस थोडा अधिक जिव्हाळा वाटतो. ज्यांच्या स्मरणार्थ तो भरतो ते रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, धारवाडकडच्या कुंदगोळचे. 1952 साली ते निवर्तले आणि 1953 साली त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात त्यांच्या नावे हा महोत्सव सुरू केला. भीमसेनही कर्नाटकातलेच. कानडी मुलुखातील गुरूचे स्मरण मराठी शहराने इतकी वर्षे करावे, यात आम्हां सीमेवरच्या माणसांना मोठे समाधान आहे.

या महोत्सवाची एक जुनी रीत मला फार आवडते. नवोदितांना सुरुवातीस गाऊ द्यावे आणि बुजुर्गांनी शेवटी बसावे. स्वतः भीमसेन कितीतरी वर्षे शेवटी गात. परंतु त्या पहिल्या तासाला मंडपात किती माणसे असतात? काही खुर्च्या रिकाम्या, काही रसिक चहाच्या वाटेवर. बाविशी-पंचविशीतला गायक तानपुरे जुळवून डोळे मिटतो, तेव्हा त्याच्यापुढे रिकामे मैदान असावे, हे रसिकतेचे लक्षण नव्हे. आयोजकांनी त्याला जागा दिली. कान देणे आपल्याकडे होते.

वेळेविषयीही एक तक्रार नोंदवितो. पूर्वी अशा मैफली रात्रभर चालत. मध्यरात्रीनंतर मालकंस, दरबारी, पहाटे ललत असा रागांचा क्रम आपोआप लागे. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे रात्री दहा वाजता गाणे आवरावे लागू लागले. शेजाऱ्यांची झोपही महत्त्वाची, म्हणून नियमाला मी नावे ठेवीत नाही. पण वेळ आखडल्यावर तीच नावे एका संध्याकाळी कोंबली, तर प्रत्येकाच्या वाट्याला राग उलगडण्याइतका अवकाश उरत नाही. चार मोठ्या नावांऐवजी दोन नावे आणि दोन मोकळे तास, असा कार्यक्रम मी केव्हाही पसंत करीन.

आता पुरस्कारांकडे वळू. भारतरत्न हा सन्मान 1954 साली सुरू झाला. संगीतातील व्यक्तीला तो प्रथम मिळाला 1998 साली, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांना. त्यानंतर 1999 साली रविशंकर, 2001 साली लता मंगेशकर व बिस्मिल्ला खाँ आणि 2009 साली भीमसेन. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत या देशात गाणे नव्हते काय? मल्लिकार्जुन मन्सूर याच काळात गायले. केसरबाई केरकर याच काळात गायल्या. सन्मानाची यादी ही संगीताची वंशावळ नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. सतारिये विलायत खाँ यांनी तर पद्म सन्मान एकाहून अधिक वेळा नाकारला. आपले वादन जोखण्याचा निवड समितीचा अधिकारच त्यांना मान्य नव्हता.

चित्रपटसंगीताची कथा याहून बोलकी आहे. फिल्मफेअर पुरस्कार 1954 साली सुरू झाले आणि संगीतकाराचा पहिला मान ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना मिळाला. गाणाऱ्यासाठी मात्र पुरस्कारच नव्हता! लताबाईंनी याला हरकत घेतली आणि 1959 पासून गायनासाठी पुरस्कार देण्यात येऊ लागला. पुढे 1970 च्या सुमारास, नव्या गळ्यांना वाव मिळावा म्हणून, त्यांनीच स्वतःला त्या शर्यतीतून बाजूस काढले. मागून मिळविलेली जागा दुसऱ्यासाठी मोकळी करणे, हा मला त्या पुरस्काराहून मोठा मान वाटतो.

तरीही एक रांग अंधारातच राहिली. संगीतकाराच्या चालीला वाद्यमेळाचा साज चढविणारे, व्हायोलिनच्या ओळी कागदावर लिहून देणारे सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारखे गोव्याचे कलावंत त्या रांगेत होते. गोव्यात चर्चला जोडलेल्या संगीतशाळांत मुले स्वरलिपी वाचावयास शिकत आणि तीच विद्या पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत उपयोगी पडली. त्या काळची गाणी आपण अजून गुणगुणतो. ती ज्यांनी सजविली त्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावरही क्वचितच आढळत.

यावरून ‘पुरस्कार नकोतच’ असे कोणी म्हणेल, तर ते मला पटणार नाही. गंगूबाई हनगल यांची आठवण करा. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये महात्मा गांधींपुढे या मुलीने स्वागतगीत गायले. पण जातीमुळे मिळालेली हेटाळणी तिच्या वाट्याची चुकली नाही. पुढे सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. अशा बाईच्या हाती 1971 साली पद्मभूषण आणि 2002 साली पद्मविभूषण आले, तेव्हा हिणविणाऱ्या समाजाला मान खाली घालावी लागली. ज्याला जागा नाकारली गेली त्याला पुरस्कार जागा देतो. ज्याची जागा आधीच भक्कम आहे त्याला फक्त आणखी एक शाल मिळते.

हे सारे दूरच्या शहरांचे झाले. आपल्या गावांत काय घडते? माझ्या ओळखीच्या एका भजनी मंडळाला स्पर्धेत ढाल मिळाली. ध्वनिक्षेपकावरून गाणाऱ्यांची नावे पुकारली गेली. तबला वाजविणाऱ्या पोराचे नाव कोणी घेतले नाही. घरी येऊन त्याने तबल्याला गवसणी घातली, ती पुन्हा काढली नाही. मी दोनदा त्याच्या दारी जाऊन बसलो. तो हसून चहा देतो आणि विषय बदलतो. मंडळ आज साथीदारावाचून अडून बसले आहे.

म्हणून वाचकबंधुभगिनींनो, एक विनंती. गावच्या सणाला, जत्रेला वा शाळेच्या स्नेहसंमेलनाला गाणे ठेवाल, तेव्हा कागदावर पेटी, तबला आणि टाळ वाजविणाऱ्यांची नावेही लिहा आणि गाणाऱ्यांच्या जोडीने ती मोठ्याने वाचा. नवख्याला पहिला वेळ द्याल, तर त्या वेळी घरच्यांना घेऊन स्वतः येऊन बसा. एवढे करावयास ना समिती लागते, ना ढालीचा खर्च.