कागदाचा बोळा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की प्रत्येक घरात दोन पक्ष पडतात. एक फेकणाऱ्यांचा, दुसरा ठेवणाऱ्यांचा. आमच्या वर्ध्याच्या घरात पहिल्या पक्षाचे पुढारीपण सौभाग्यवतींकडे आहे, आणि दुसऱ्या पक्षात बाबा आणि मी असे दोघेच उरलो आहोत. बाबांच्या वयाकडे पाहून त्यांना कुणी काही म्हणत नाही. त्यांच्या वाट्याची बोलणी मला खावी लागतात. दर वर्षी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली येतो, पुसला जातो आणि मुकाट्याने वर जातो. त्यात टेपरेकॉर्डरच्या जुन्या कॅसेटी आहेत. त्यांतल्या एकीवर बाबांच्या वळणदार अक्षरात एवढेच लिहिले आहे : ‘आई’. त्या कॅसेटमध्ये आजीचा आवाज नाही. तो मी पुसला.

१९८३ सालची गोष्ट. घराजवळ पिठाची गिरणी होती, तरी दिवाळीच्या भाजणीचे दोन पसे तरी आजी जात्यावरच दळी. पहाटे घरघर सुरू झाली की तिच्या ओव्याही सुरू होत. त्या वर्षी बाबांनी उशाशी टेपरेकॉर्डर ठेवला आणि तिला न सांगता अर्धा तास ओव्या भरून घेतल्या. मग कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या त्यांनी मोडून टाकल्या. त्या मोडल्या म्हणजे कॅसेट ऐकता येते, पण तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. १९८५ च्या जानेवारीत आजी गेली.

त्याच सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका लागे. तिकडे १९६६ ते १९६९ या काळात झालेले ते ७९ भाग आमच्यापर्यंत पोचायला दीड तप लागले होते; पण शिळे अन्न खातो आहोत असे आम्हां पोरांना कधी वाटले नाही. शेजारच्या वकिलांच्या दिवाणखान्यात चपला बाहेर काढून आम्ही बसत असू. इंग्रजीतले अक्षरही कळत नसे. कळत असे तो फक्त स्पॉकचा टोकदार कान आणि यानाचा आवाज. तो आवाज आपल्याजवळ असावा असे मला अनावर वाटू लागले. घरात कोरी कॅसेट नव्हती. ‘आई’ हाताला लागली. टिकल्या मोडलेल्या होत्या. पण त्या भोकांत कागदाचा बोळा कोंबला की यंत्र फसते, हे मला एका मित्राने शिकवले होते. म्हणजे नजरचुकीने झाले असे म्हणण्याची सोयही मी स्वतःला ठेवली नाही.

बाबांनी एका संध्याकाळी ती कॅसेट लावली. यान निघाले. त्यांनी थोडा वेळ ऐकले, बटण दाबले, मागे वळवून तो बोळा पाहिला आणि कॅसेट डबीत ठेवून दिली. मला ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी दोन थपडा दिल्या असत्या तर हा लेख कदाचित लिहावा लागला नसता.

माझ्या या अपराधाला फार मोठ्या घरचे सोबती आहेत, हे मला २०१३ च्या ऑक्टोबरात कळले. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे हरवलेले नऊ भाग सापडल्याची बातमी वर्तमानपत्रात होती. ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळातून हिंडणारा एक विक्षिप्त म्हातारा हा तिचा नायक. पहिल्या कथेचे दिग्दर्शन करणारा वारिस हुसेन हा तरुण आपल्या लखनौचा, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला. त्या वर्षी हिंदुस्थानात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत. वर्ध्याला नवलाई रेडिओचीच होती.

तर एवढी गाजलेली ही मालिका, आणि तिच्या पहिल्या काही वर्षांचे शेकडाभर भाग खुद्द बीबीसीने पुसून टाकले! व्हिडिओ टेप महाग असे. नटांशी झालेल्या करारांमुळे तोच भाग पुनःपुन्हा दाखवताही येत नसे. मग कपाट कशाला अडवायचे? टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरे काही भरायचे. तिथेही फेकणाऱ्यांचा पक्ष बहुमतात असला पाहिजे.

पण पुसण्याआधी एक गोष्ट झाली होती. परदेशांना विकण्यासाठी त्या भागांची छबी पडद्यावरून १६ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवून घेत. त्या फिल्मचे डबे देशोदेशी निघाले. १९६४ साली न्यूझीलंडला, मग ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, सिंगापूर, झांबिया, नायजेरिया. एका देशाने दाखवून झाले की पुष्कळदा तोच डबा पुढच्या देशाला जाई. हळदीकुंकवाच्या वाणासारखा या घरचा त्या घरी. शेवटी तो परत यावा किंवा नष्ट व्हावा असा शिरस्ता. काही ठिकाणी कुणीतरी आळस केला, आणि त्या आळसाचे उपकार फार मोठे आहेत. १९९१ साली हाँगकाँगहून एका कथेचे चारही भाग परत आले. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये एक भाग निघाला. ऑस्ट्रेलियातली कथा तर अत्र्यांच्या प्रहसनात शोभावी अशी. तिथल्या परीक्षकांनी मुले घाबरतील म्हणून काही दृश्ये कापली. पुढे ते भागच्या भाग गेले, पण कापलेले तुकडे सरकारी दप्तरात पुरावा म्हणून जपलेले १९९६ मध्ये सापडले. जे पाहू नये म्हणून कापले, तेवढेच पाहायला उरले!

वारिस हुसेनची ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा मात्र चित्ररूपाने कुठेच उरली नाही. नायजेरियातल्या शोधानंतरही ९७ भाग बेपत्ताच होते. पण त्या सगळ्यांचा आवाज आहे. कारण त्या काळी काही इंग्रज पोरे दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसत आणि मालिकेचा आवाज भरून घेत. हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. वकिलांच्या दिवाणखान्यात मी हेच केले होते. त्यांनी करून एक ठेवा वाचवला. मी करून एक घालवला.

महानुभावांची परंपरा सांगते, की लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली तेव्हा हिराइसेसारख्या शिष्यांच्या पाठांतरातून तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आजीच्या ओव्या मला पाठ असत्या तर! मला पाठ होती यानाची घरघर.

ते नऊ भाग नायजेरियातल्या जोस गावच्या केंद्रात, फडताळात धूळ खात पडलेले होते. नायजेरिया हे नाव वाचून मला काका आठवला. तो १९८० च्या सुमारास तिथल्या शाळेत गणित शिकवायला गेला होता. आजीला लिहिता येत नसे, म्हणून ती कॅसेटवर बोले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर ती कॅसेट जाई. काका तिच्यावरच आपले उत्तर भरून पाठवी. आवाजावर आवाज चढे, मागचा पुसला जाई. काटकसरीचे घर!

काका तोवर वारला होता. मी नागपूरला काकूंना फोन केला. त्यांनी ट्रंक उघडली. एका कॅसेटीला बुरशी, दुसरीत मुकेशची गाणी. तिसरी घेऊन मी त्याच दिवशी परत आलो. १९८४ च्या दिवाळीनंतर गेलेली ती कॅसेट. तिचे उत्तर येण्याआधीच आजी गेली होती, आणि काकाने तिच्यावर पुढे काहीच भरले नव्हते.

बाबा पलंगावर बसले. आधी खरखर, मग आजी :

“बापू, कसा हायेस रे? इथं कापूस येचनं सुरू हाय. बोंडं चांगली हाय, पन भाव कुठी हाय? तिकडं ज्वारी भेटते का? हा तुहा भाऊ मशीन घेऊन समोर बसला हाय, म्हून बोलून राहिली.”

वीस मिनिटे ती म्हशीबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल आणि गुडघ्याबद्दल बोलली. शेवटी मागून तरुण बाबांचा आवाज आला, “आई, त्याच्यासाठी एक ओवी म्हण.”

“आता नाही रे बापा,” आजी म्हणाली, “दम लागते. पुढच्या खेपेले म्हनीन.”

टेप संपली. बाबांनी कॅसेट काढून हातात घेतली आणि उलटी करून पाहिली. मागच्या दोन्ही टिकल्या शाबूत होत्या. त्यांनी पानाच्या डब्यातला अडकित्ता मागितला आणि त्याच्या टोकाने त्या एकेक करून मोडल्या.