देवासहून आलेला खांब

गेल्या दिवाळीनंतर आमच्या धारच्या घरी एक लोखंडी खांब आला. धारकरांना लोखंडी खांबाचं तसं नवल नाही. लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांत पडलेला आपला लोहस्तंभ तुम्ही पाहिलाच असेल. तिन्ही तुकडे मिळून तो १३ मीटरच्या वर भरतो, म्हणजे दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभापेक्षाही लांब. आमचा खांब जेमतेम माणसाच्या उंचीचा, आणि तो एका जुन्या पिलर ड्रिलचा होता.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली बिडाचा जड पाया, त्यात उभा गोल खांब, खांबावर वरखाली सरकणारं टेबल आणि माथ्यावर मोटर, पुल्या, पट्टा व फिरणारा स्पिंडल. बाजूचा दांडा ओढला की फिरतं ड्रिल सरळ खाली येतं आणि भोक पाडतं.

मी नोकरी बँकेत करतो, पण सुट्टीच्या दिवशी घरी लाकडाचं आणि थोडं लोखंडाचं काम करायचा नाद आहे. हातातल्या ड्रिलने माझी भोकं नेहमी तिरकी जातात. देवासला एक छोटं वर्कशॉप बंद होतंय आणि सामान भंगाराच्या भावाने निघतंय असं कळलं, तेव्हा एका रविवारी मी तिकडे गेलो.

देवास माझ्या बालपणाचं गाव. १९७० च्या दशकात तिथे बँक नोट प्रेस आली, कारखाने उभे राहिले, आणि आमचे बाबा तिथल्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये लागले. टेकडीवर दिवे लागायच्या वेळेला ते सायकलवरून घरी येत आणि त्यांच्या शर्टाला कटिंग ऑइलचा वास येई. आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत पवारांबरोबर आलेल्या सरदारांच्या, कारकुनांच्या, शिक्षकांच्या आणि गवयांच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. फिटरच्या गोष्टी कमी सांगतात. आमचे बाबा फिटर.

हल्ली ते आमच्याकडेच असतात. दोन वर्षांपासून त्यांचे हात कापतात. औषधाने थोडा फरक पडतो, पण कोणी पाहुणे आले की ते चहा घेत नाहीत. "आत्ताच झाला," म्हणतात. कप खुळखुळलेला लोकांना दिसू नये, एवढंच त्यामागे असतं. माझ्या कामाच्या टेबलाकडे तर त्यांनी येणंच सोडलं होतं.

मशीन टेम्पोतून उतरलं तेव्हा आई म्हणाली, "एवढं लोखंड ओसरीवर ठेवणार? आणि लोकांना काय सांगू?" बाबा दारातून पाहून आत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "माथा उतरवून आणलास, ते बरं केलंस." पिलर ड्रिलचं सगळं वजन वर असतं, उभं आणलं तर वळणावर कलंडतं. हे मला टेम्पोवाल्याने शिकवलं होतं, पण मी गप्प राहिलो.

पुढचे चार रविवार सफाईत गेले. घासलेट, तारेचा ब्रश आणि रिकामे श्रीखंडाचे डबे, एवढी सामग्री. एकेक नट काढायचा, डब्यात टाकायचा, डब्यावर चिठ्ठी लावायची आणि मोबाइलवर फोटो काढायचा. बारीक गंजलेले भाग प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले. बॅटरी चार्जरची ऋण तार त्या भागाला, धन तार एका टाकाऊ सळईला. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ झाला. हे काम उघड्यावरच करायचं, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो.

एका गोष्टीत मात्र मी चुकलो. ड्रिल खाली ओढून सोडलं की ते आपोआप वर जातं, कारण बाजूच्या गोल झाकणात गुंडाळलेली स्प्रिंग असते. मी झाकणाचा नट फिरवत होतो तेव्हा बाबा आतून ओरडले, "झाकण धरून ठेव!" तोवर स्प्रिंग उसळली होती. तळहाताला तीन टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर वाटलं, आता बोलणी खावी लागणार. बाबा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची ओसरीवर आली.

खुर्चीवरून ते सांगत आणि आमची दहावीतली लेक करी. माझा हात बांधलेला होता. त्यामुळे जे मला कधी शिकवलं नव्हतं, ते त्यांनी तिला शिकवलं. मशीन कारखान्यातलं, मोटर तीन फेजची. घरात एकच फेज, म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची सिंगल फेज मोटर बसवली. स्विच असा घेतला की लाइट जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही. अर्थिंग स्वतः वायरमनकडून तपासून घेतलं.

पुल्या पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. एक मोटरवर, दुसरी स्पिंडलवर उलटी. पट्टा एकीच्या लहान पायरीवर असला की दुसरीच्या मोठ्या पायरीवर येतो. बाबांनी त्यांची नावं ठेवली, थोरली पाती आणि धाकटी पाती. देवासची दोन संस्थानं एकाच गावात होती, त्यांची ही नावं. "एकीचा मान वाढला की दुसरीचा कमी," ते म्हणाले, आणि किती दिवसांनी हसले.

मग हिशेब आला. साध्या पोलादात ड्रिलची कड मिनिटाला साधारण २५ मीटर चालावी. त्या मापाने ६ मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे १३०० फेरे आणि १२ मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे ६५०. "भोक दुप्पट, चाल अर्धी," हे त्यांचं सूत्र लेकीने खडूने भिंतीवर लिहून ठेवलं.

"आजोबा, पण हातातलं ड्रिल असताना एवढं मोठं मशीन कशाला?" तिने विचारलं.

"हातातलं ड्रिल कितीही जपून धर, हात हलतोच. माझा पंचविसाव्या वर्षीही हलायचा. इथे खांब सरळ, म्हणून भोक सरळ."

टेबलावर जुनी अर्धवट भोकं होती. कोणीतरी वेळेवर थांबलं नाही आणि ड्रिल टेबलात घुसलं, अशी सात-आठ वर्षांची नव्हे, सात-आठ माणसांची नोंद. मला ती बुजवून वर चकचकीत रंग द्यायचा होता. बाबा नको म्हणाले. "टेबल सपाट आहे ना? मग राहू दे. आमच्याकडे नवीन पोरगा आला की आधी त्याला ही भोकं दाखवायचे."

शेवटी मशीन जोडलं, चालू केलं, आणि ड्रिलचं टोक लडखडायला लागलं. मी म्हटलं, बेअरिंग गेली. दोन नवी आणली, बसवली. टोक तसंच लडखडत होतं. पीथमपूरला काम करणाऱ्या मित्राकडून डायल आणला. चकमध्ये धरलेल्या गुळगुळीत दांड्यावर तो ०.३ मिलिमीटर दाखवत होता. अशा मशीनवर नीट काम करायला हे फार झालं.

बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. टोक माथ्याच्या बिडावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. हात कापत होता, पण ऐकायला हात स्थिर लागत नाही.

"आवाज गोल आहे. बेअरिंग बिचारं निर्दोष. जुनंही निर्दोषच असणार. चक ज्या दांड्यावर बसतो तो काढ."

तो दांडा निमुळता असतो आणि स्पिंडलच्या निमुळत्या पोकळीत नुसत्या घट्टपणाने बसतो. लेकीने पाचर ठोकून तो काढला. त्याला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला, पोकळीत बसवून जरा फिरवला आणि बाहेर काढला. रंग सगळीकडून सारखा पुसला जायला हवा होता. तो एकाच ठिकाणी पुसला गेला. तिथे पूर्वी कधीतरी ठोका बसून धातूचा बारीक उंचवटा आला होता, बोटाला जेमतेम लागेल एवढा. तेलदगडाने तो हलकेच उतरवला, पोकळी पुसली, पुन्हा जोडलं. डायल ०.०५ वर आला.

मार्चमध्ये कूलर बाहेर काढला तर त्याचं स्टँड गंजून मोडलेलं. नव्या अँगलला सोळा भोकं पाडायची होती. लेकीने वेणी बांधली, ओढणी ठेवली, पंचाने खूण केली, अँगल व्हाइसमध्ये आवळला आणि व्हाइस टेबलाला बोल्टने कसला. मग दांडा न धरता बाजूला झाली.

"आजोबा, पहिलं तुम्ही."

"माझे हात बघतेस ना?"

"हात सगळ्यांचेच हलतात. खांब सरळ आहे ना, मग झालं. तुम्हीच म्हणाला होतात."

बाबा थोडा वेळ मशीनकडे पाहत उभे राहिले. मग दांड्यावर हात ठेवला. दांडा आधी त्यांच्या हाताबरोबर थरथरला. ड्रिल लोखंडाला टेकलं आणि थरथर दाबाखाली विरली. लोखंडाचा कीस दोन सारख्या वेटोळ्यांत वर आला. आरपार जायच्या जरा आधी त्यांनी दाब कमी केला, तेवढं मला अजून जमत नाही. भोक सरळ होतं. उरलेली पंधरा त्यांनी आणि लेकीने वाटून घेतली. मी ऑइल घालायला होतो.

त्या संध्याकाळी शेजारचे काका आले. आईने सवयीने त्यांचा एकच कप आणला. बाबा म्हणाले, "मलाही आण." कप दोन्ही हातांनी धरून, थोडा बशीत सांडून, त्यांनी तो पूर्ण संपवला. काकांशी बोलणं कूलरच्या स्टँडबद्दलच चाललं होतं.

मशीन ओसरीवरच आहे. आईने त्यावर दसऱ्याला हार घालायचं आत्ताच ठरवलं आहे. मंडळातल्या कुणाला भोक पाडायचं असेल तर खुशाल या. हातमोजे काढून या, कारण फिरतं ड्रिल हातमोजा ओढून घेतं. आणि थोडा वेळ हातात ठेवून या, टेबलावरची जुनी भोकं आधी पाहावी लागतील.