अब्बांचा आजार, लेकीची तपासणी

कुडपणसारख्या डोंगरगावात लघवीचा त्रास कुणी चारचौघांत बोलत नाही. अब्बाही रात्री पाच-सहा वेळा उठत आणि वयाला दोष देत. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोहोचल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी विचारले ते घरातल्या बायकांविषयी. कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कर्करोग होता का? चाचांनी मान खाली घातली. फुफी 'गाठीने' गेल्या, यापुढे आमच्याकडे कधी बोलणे झालेच नव्हते.

बीआरसीए-2 या जनुकाची ओळख 1995 साली पटली. तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती हे त्याचे काम. त्यात जन्मजात बिघाड असला तर बाईला स्तनाचा व अंडाशयाचा, पुरुषाला प्रोस्टेटचा धोका वाढतो. तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. (लेक परक्याचे धन, हे जनुकाला कुणी सांगितलेले नाही.) रुग्णालाही तपासणीचा उपयोग आहे, असा बिघाड असलेल्या काहींना ओलापॅरिबच्या गोळ्या लागू पडतात.

अब्बांच्या रक्तात तो बिघाड निघाला. मी स्वतःचा नमुना दिला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात पोरगी लग्नाची आहे, कुणाला कळू देऊ नकोस." नमुना दिला तो तिच्यासाठीच. अहवाल अजून यायचा आहे. फुफींच्या थोरल्या लेकीला मात्र मी काल फोन करून सगळे सांगितले.