इंजिन धाकटं घ्यावं की थोरलं?

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर पुरता उलगडून पाहतो, तांदूळ घेताना चार दाणे दाताखाली धरून पाहतो. पण घरात मोटार यायची ठरली की आपला अधिकार रंगापुरता! "इंजिनाचं तुमचं तुम्ही बघा" म्हणून आपण मोकळ्या होतो. राहतं घर सोडलं तर संसारातली सर्वांत महाग वस्तू हीच, आणि तिच्यात पैसा कमी-जास्त होतो तो इंजिनापायी. २०२५ च्या दिवाळीआधी आमच्याकडे हा प्रश्न आला, तेव्हा मी ठरवलं, रंग यांनी निवडावा, इंजिन मी समजून घेईन.

गाडी होती महिंद्रची थार. आमच्या अलिबागकडे शनिवार-रविवारी ती इतकी दिसते, की एस. टी. उशिरा आली तर उभ्या उभ्या मोजायचा खेळ होतो. खरं सांगायचं तर ही गरजेची गाडी नव्हे, हौसेची. परदेशात लोक दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेतात ना, तशीच ही आपल्याकडची हौस. बाजूला दोनच दारं, मागं बसायचं तर पुढची सीट सरकवून अंग चोरून जायचं. सासूबाईंसाठी प्लास्टिकचं स्टूल ठेवायचं हे तर आधीच ठरलं. पण यांना जीपच्या घाटाची गाडी विशीपासून हवी होती. लग्न झालं, मुलगी झाली, वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी बांधून झाल्या, आणि प्रत्येक वेळी जीप मागं पडली. तेरा वर्षं वापरलेली आमची छोटी गाडी विकायला काढली, तेव्हा हे म्हणाले, "आता नाही तर कधीच नाही." मला ते पटलं. हौसेला मोल असतंच. मात्र ते मोल किती, हे मला कळायला हवं होतं, कारण त्यात माझ्या शाळेच्या पगारातून साठवलेले पैसेही जायचे होते.

डिझेलच्या थारमध्ये दोन इंजिनं मिळतात, दीड लिटरचं आणि २.२ लिटरचं. (पेट्रोलचंही दोन लिटरचं आहे, पण आमचा विचार डिझेलचाच होता.) यांच्या मनात अर्थातच थोरलं. शोरूममधल्या मुलाच्याही मनात थोरलं! तो बिचारा अर्धा तास यांच्याकडेच बघून बोलत होता, माझ्याकडे वळला तो "मॅडम, चहा की कॉफी?" एवढं विचारायला. मी म्हटलं, "चहा. आणि दोन्हींची माहितीपत्रकं."

मी इतिहासाची बी. ए. यंत्रांशी संबंध मिक्सर आणि शिलाई मशीनपुरता. पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईला दोन रकाने शेजारी ठेवून वाचता येतात. पहिला आकडा सीसीचा. सीसी म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यांचं मिळून आकारमान. हजार सीसी म्हणजे एक लिटर. धाकटं १४९७ सीसी, थोरलं २१८४. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या तीन पिशव्या एकीकडे, आणि चारांहून जास्त दुसरीकडे. दुसरा आकडा ताकदीचा. धाकट्याची ११७ हॉर्सपॉवर, थोरल्याची १३०. तिसरा आकडा टॉर्कचा, आणि तिथं मी थबकले. धाकट्याचा ३००, थोरल्याचाही ३००! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

टॉर्क म्हणजे काय, ते माझ्या पुतण्यानं समजावलं, आणि मी माझ्या भाषेत करून घेतलं, ते असं. आपल्या चौल-नागाव-रेवदंड्याच्या वाड्यांत पूर्वी विहिरीवर रहाट असायचे. भरलेल्या गाडग्यांची माळ बैलाला ओढवते की नाही, तो टॉर्क. तासाभरात किती गाडगी वर येतात, ती हॉर्सपॉवर. म्हणजे भार ओढायला दोन्ही बैल सारखे, पळायला थोरला जरा चपळ. दोन्ही इंजिनांत टर्बो असतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो आत जास्त हवा कोंबतो. त्यामुळं धाकटं भांडंही दाबून भरलं जातं. फरक उरतो तो असा, की धाकट्याची ही पूर्ण ओढ इंजिनाच्या १७५० ते २५०० फेऱ्यांत मिळते, थोरल्याची १६०० ते २८०० फेऱ्यांत. म्हणजे थोरल्यात गिअर कमी बदलावे लागतात. सुख आहे, नाही असं नाही.

आता या सुखाची किंमत पाहा. चार मीटरच्या आतली गाडी आणि १५०० सीसीच्या आतलं डिझेल इंजिन असेल तर सरकारच्या लेखी ती छोटी गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर जीएसटी १८ टक्के, मोठीवर ४०. त्याआधी सेस धरून ३१ आणि ४८ टक्के होता. म्हणजे कर दोघींचा उतरला, पण धाकटीचा जास्त, आणि दोघींतली दरी रुंदावली. थारची लांबी चार मीटरच्या आतच आहे. सगळा खेळ सीसीचा. धाकट्या इंजिनाचं माप १४९७ का, हे कोडं तिथं सुटतं. शिंप्यानं कापडाच्या पन्ह्यात नेमकं झबलं बसवावं, तसं बसवलंय!

जपानातही अशीच रेघ आहे. तिथं मोटारीचा वार्षिक कर सीसीच्या पायऱ्यांवर ठरतो आणि दीड लिटर ही एक पायरी आहे. माझदा कंपनीनं २०१५ साली आपली उघड्या टपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार नव्यानं काढली, तेव्हा कापडी टपाच्या त्या गाडीला जपानात दीड लिटरचं इंजिन दिलं आणि अमेरिकेत दोन लिटरचं. गाडी तीच. हे मला पुतण्याकडूनच कळलं, यांना सांगितलं तर म्हणाले, "जपानी माणसं बारीक असतात." यावर काय बोलायचं!

शोरूमच्या दरातला दोघींचा फरक तीन लाखांहून अधिक होता. हे सगळेच काही इंजिनाचे नाहीत. थोरल्याबरोबर फोर-बाय-फोर येतं, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. धाकट्यात फक्त मागच्या दोन चाकांना. पण दर तिथंच थांबत नाही. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला शंभराला चौदा रुपये रोड टॅक्स. म्हणजे तीन लाख जास्त मोजले की त्यावर बेचाळीस हजार आणखी. मग विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांत १५०० सीसीपर्यंत तो १०,६४० रुपये आणि त्यावर गेलं की २४,५९६. इथंही तीच रेघ. शिवाय थोरल्या गाडीचं वजन जास्त, म्हणजे डिझेलही जास्तच पिणार. मी हा हिशेब शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि यांच्यापुढं ठेवला. दोन दिवस आमच्या घरात गाडीचा विषय निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "अगं, पण फोर-बाय-फोर नाही तर थार कसली?"

प्रश्न रास्त होता. मी विचारलं, "अहो, आपल्याला ते कुठं लागेल, तेवढं सांगा." यांनी जरा विचार करून सांगितलं, "किनाऱ्यावर." आता किनाऱ्याचं तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे वाळूत गाडी घालायला मनाई आहे, तरी पर्यटक घालतात आणि रुततात. २०२४ सरता सरता रेवदंड्याच्या वाळूत चक्क एक फेरारी रुतली होती. शेकडो घोड्यांची ताकद, आणि शेवटी दोर बांधून काढली कुणी, तर बैलगाडीनं! ती चित्रफीत देशभर फिरली. वाळूत इंजिन कमी पडत नाही, चाकाखालची जमीन कमी पडते. जास्त रेटा दिला तर चाक स्वतःसाठी खड्डा खणतं, एवढंच. चार चाकांना ताकद असेल तर सुटण्याची आशा जास्त, हे खरं. पण खारं पाणी खालच्या पत्र्याला लागायचं ते लागतंच. यांनी मान हलवली. बाकी आमच्या वाडीची वाट सपाट. पावसात तिथं पाणी साचतं, तिथं गाडी उंच असली म्हणजे झालं, आणि उंच तर दोन्ही आहेत.

थोरलं इंजिन कुणीच घेऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या मावसबहिणीचं घर पोलादपूरकडे डोंगरात, अर्धी वाट कच्ची, पावसाळ्यात चिखलाचा चढ. तिनं फोर-बाय-फोरच घ्यावं. दुसरं, धाकट्या डिझेलला ऑटोमॅटिक गिअर मिळत नाही. हातानं बदलायचे सहा गिअर आहेत. तुमचा डावा गुडघा दुखत असेल तर क्लच दाबून दाबून जीव जाईल, तिथं काटकसर करू नका. आणि ज्यांना आठवड्याला पुण्याला नाहीतर अटल सेतूवरून मुंबईला भरल्या गाडीनं जायचं आहे, पुढच्या ट्रकला झटकन मागं टाकायचं आहे, त्यांना ते जास्तीचे तेरा घोडे आणि ती सैल ओढ रोज उपयोगी पडेल. आमचं जाणं-येणं कुठं? शाळा, बाजार, अलिबाग ते रेवदंडा. नारळी-पोफळींमधून जाणारा अरुंद रस्ता, समोरून एस. टी. आली की एकानं थांबायचं. तिथं चाळिसाच्या वर काटा जायला जागा नाही, मग इंजिन दीडचं असो की अडीचचं.

तरी कागदावर भरवसा ठेवून मी गप्प बसले नाही. ट्रायल घेताना आम्ही सगळे गेलो. सासूबाई पुढं, मुलगी आणि हे मागं, एसी चालू, आणि चालवायला मी. शोरूमचा मुलगा म्हणाला, "आपण सपाट रस्त्यानं जाऊ." मी म्हटलं, "चढ दाखवा." चढावर मधेच गाडी थांबवली आणि पुन्हा उचलली. आधी थोरली, मग धाकटी. थोरली न कुरकुरता निघाली. धाकटीनंही उचललं, फक्त गिअर एक खाली घ्यावा लागला आणि आवाज जरा चढला. तुम्हीही हे करून बघाच. एकट्या माणसाला घेऊन सपाटीवर कुठलंही इंजिन गोडच लागतं. मागून हे म्हणाले, "चालेल." त्या एका शब्दात किती काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

धाकटी घेतली. उरलेल्यातला मोठा भाग मुलीच्या नावानं ठेवला, आणि थोडे पैसे यांनी हक्कानं मागून घेतले, टायर चांगल्यातले बसवायला. मी लगेच दिले. चाकाखालची जमीन धरायची तर ती टायरनंच.

फोर-बाय-फोरच्या गाडीत गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. आमच्या गाडीत त्या जागी एक लहानसा खण आहे. पहिले काही दिवस यांचा हात सवयीसारखा तिथं जायचा, जी सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. आता त्यात हे सुटे पैसे ठेवतात, आणि मी खडू.