पाठीची जाडी

लोक माझ्याकडे येतात ते फोनवर चित्र घेऊन. कट्यार, बिचवा, पेशकब्ज, कर्द. "असाच चाकू करून द्या," म्हणतात. चित्रात पात्याचं वळण दिसतं, मुठीवरची नक्षी दिसते, पण पातं किती जाड आहे, ते कुठून कुठे पातळ होत गेलंय, हे कळत नाही. जुन्या कारागिराचं खरं डोकं तर तिथेच चाललेलं असतं.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात नूरजहाँची म्हणून ठेवलेली फळं कापायची सुरी आहे. लोक तिच्यावरची रत्नं पाहत उभे राहतात. मी मात्र अशा कुठल्याही कपाटापाशी गेलो की बाजूला सरकतो आणि वाकून पात्याची पाठ दिसते का ते पाहतो. कर्द हा इराणाकडून आलेला, मोगलांच्या काळात इकडे रुळलेला सरळ, एकधारी चाकू. चांगल्या कर्दीची पाठ मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे हळूहळू उतरत जाते. म्हणून तिचा भार हातात राहतो, टोकाशी ओढत नाही. बाजारातल्या नकला एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेल्या असतात. आकार हुबेहूब, पण हातात धरली की पट्टीच. पेशकब्जाची युक्ती आणखी वेगळी. पातं पातळ, पण पाठीला दोन्ही बाजूंनी काठ, म्हणजे आडवा छेद घेतला तर इंग्रजी 'टी'सारखा दिसेल. त्यामुळे इतकं पातळ पातंही चिलखताच्या कड्यांत घुसताना वाकत नसे. जुनी शैली म्हणजे माझ्या लेखी हे गणित. नक्षी नंतर.

आता पोलादाचं. जालना म्हटलं की सळई. एमआयडीसीत रात्रंदिवस भंगार वितळतं, त्याचे बिलेट पडतात, रोलिंग मिलमधून सळया निघतात. आणि अशा गावात राहून मला सुरीसाठी पोलाद दुसरीकडून आणावं लागतं. बांधकामाच्या 'एफई ५००' सळईत कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के चालतो. बरोबरच आहे ते. सळईला वाकायचं असतं, काडकन तुटायचं नसतं. सुरीला मात्र निदान ०.५५ टक्के तरी हवा, नाहीतर कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. मी ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतो, आणि बारीक धारेच्या कामाला बेअरिंगचं, ज्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो. पाटा शक्यतो कोरा घेतो. जुन्या पाट्याच्या पोटात बारीक चिरा असतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

पण सळईचीही एक गोष्ट मला फार आवडते. लालभडक सळई मिलमधून बाहेर पडताना तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. वरची साल कडक होते, गाभा तापलेलाच राहतो. मग आतली धग बाहेर येते आणि त्या कडक सालीचा ठिसूळपणा काढून टाकते. आठवडी बाजारात पाल टाकून बसलेला घिसाडी खुरप्याला पाणी देतो, तेव्हा नेमकं हेच करतो. फक्त धारेकडचा भाग पाण्यात बुडवतो, काढतो, कानशीनं जरा घासून उजळ करतो आणि थांबतो. मागची धग धारेकडे सरकते. पिवळसर रंग चढत येतो, आणि हवा तो रंग दिसला की पुन्हा पाण्यात. मिलमध्ये हे काम यंत्र करतं, इथे डोळा. ही समज ज्यांच्या हातात आहे त्यांना आपण खुरप्याचे भाव पाडून मागतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी स्वतः तेलात पाणी देतो. बेअरिंगच्या पोलादाला थेट पाणी सोसत नाही, तडकतं. भट्टीचं काम दिवस मावळल्यावर करतो, कारण मराठवाड्याच्या उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळतच नाही. जवळ लोहचुंबक ठेवतो. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं वर नेलं, की तेलात. नंतर ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा शेक.

गिऱ्हाईक हमखास 'दमास्कस', म्हणजे अंगावर लाटा असलेलं पोलाद, मागतं. त्याला मी कोनासमुद्रमबद्दल सांगतो. निजामाबाद जिल्ह्यातलं हे गाव १९४८ पर्यंत जालन्यासारखंच निजामाच्या राज्यात होतं. तिथे मुशीत लोखंड वितळवून जे पोलाद होई, ते न्यायला इराणचे व्यापारी येत. त्या पोलादावरच्या लाटा थंड होताना आतूनच उमटत. आज 'दमास्कस' नावानं मिळतं ते बहुधा दोन प्रकारच्या पोलादांचे थर जोडून अॅसिडनं उठवलेलं असतं. तेही काम कसबाचं आहे, पण ते हे नव्हे, एवढं गिऱ्हाइकाला माहीत असावं. कट्यार आणि बिचवा मी करत नाही. कायदा नऊ इंचांहून लांब पात्यांकडे शस्त्र म्हणून पाहतो, पण माझा नकार लांबीपुरता नाही. त्या आकारांना माणूस भोसकण्याखेरीज दुसरं कामच नाही.

सध्या हातात आहे तो मोसंबीच्या रोपवाटिकेसाठी डोळे भरायचा चाकू. रोपवाटिकेच्या मालकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "साल सुटली पाहिजे बघा, आतल्या लाकडाला लागायला नको." खुंट पेन्सिलीएवढा. त्याच्या सालीत 'टी' आकाराची चीर घ्यायची, मोसंबीचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टीनं बांधायचं. धार एकाच बाजूनं काढली आहे, म्हणजे डोळा काढताना काप सपाट येतो. पाठ कर्दीसारखी उतरती. मुठीला शिसम, तीही बारीक, कारण डोळे भरायला दिवसभर बसतात त्या बायकांचे हात मी आधी मापून आणले आहेत. त्यातल्या एक मावशी डावखुऱ्या आहेत. त्यांच्या चाकूची धार उलट्या बाजूनं काढायची राहिली आहे. खुंटांची साल सुटायला लागायच्या आत तो पोचवायचा आहे.