मुलूख बदलला की जखम बदलते

सायकलवरनं पोरं सगळीकडंच पडतात, पण कशी पडतात ते रस्त्यावर असतंय.

आमच्या गगनबावड्यात उतार आणि पाऊस. रिम भिजली की ब्रेक लवकर धरत नाही. पोरगं हातावर नाहीतर तोंडावर येतं, मनगट जातं, दात जातो. खाली शिरोळकडं सपाटी. तिथं कॅरेजवर बसलेल्या लहानग्याची टाच मागच्या चाकाच्या तारांत जाते. माझ्या भाच्याची अशीच सोलली, महिनाभर खाटंवर होता. आणि ऊसतोड चालू झाली की अंधारात उभ्या ट्रॉलीची भीती.

टाच अडकली तर पाय ओढू नका, तारा कापा. जखमेवर माती, चुना नको. साबणपाण्यानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. हँडलची मूठ पोटात लागली तर वरनं खरचटलेलंही दिसत नाही, आत यकृताला, पांथरीला मार असू शकतो. पोट दुखलं, उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका. आपल्याला कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर आहे, म्हणून लवकर निघायचं.

पेरणीआधी औजारं बघता, तसं पोरांच्या सायकलचं ब्रेकचं रबरही बघा. मागं लाल रिफ्लेक्टर लावा.